निळ्या पाण्यात आठ थेंब

अम्मा, तुझ्या नातीच्या दंडावर आता एक बटण चिकटवलेलं असतं. शर्टाच्या बटणापेक्षा मोठं, पांढरं. त्याच्याजवळ मोबाइल नेला की अंगात साखर किती आहे ते मोबाइल सांगतो. बोट टोचायला नको, रक्ताचा थेंब नको. कातडीखाली केसाएवढी तार जाते म्हणे, पण तिला ती कळतही नाही. काल ती माझ्याकडे आली, तांदळाची भाकरी आणि सुरमईचं सालन घेऊन बसली, आणि दुसऱ्याच घासाला मोबाइल कुंई कुंई करायला लागला. मी म्हटलं, "तुझ्या नानीला हे बटण मिळालं असतं ना, तर तिने काढून शेजारच्या बकरीला लावलं असतं." ती हसली. म्हातारी नेहमीसारखी काहीतरी बोलली, असं तिला वाटलं. मला हसू आलं नाही. मला हल्ली काहीच पटकन येत नाही, हसूही नाही आणि दुसरंही नाही. पण तेवढ्या एका वाक्याने तुझी गोष्ट रात्रभर डोक्यात राहिली, म्हणून आज हिच्या मुलीला धरून बसवलंय लिहायला. कॉलेजात जाते, अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणतात, मला काय कळतंय. तिला सांगितलंय, मी बोलते तसं लिही, सुधारू नकोस. पेन मध्येच थांबतं तेव्हा मला कळतं, ही सुधारतेय.

तू सौदीत जुबैलला आलीस तेव्हा लढाई नव्हती. तुझा जावई सुटीवरून परतला तो तुला बरोबर घेऊन. विमानतळावर कस्टमवाल्याने तुझी पेटी उघडली तर परकराच्या घड्यांत निळ्या पाण्याच्या दोन बाटल्या आणि लोकरीच्या मोज्यात काचेची नळी. त्याने बाटली उघडून हुंगली, नळी उजेडात धरून पाहिली. जावई "दवा, दवा" करत राहिला आणि तू त्या कस्टमवाल्याकडे असं बघितलंस की त्यानेच तुझं काहीतरी चोरलंय. तुझं येणं एकाच गोष्टीसाठी होतं. उमरा. जावई बरोबर असेल तर तुला मक्केला जाता येणार होतं, आणि आपल्या घरातून तिथवर तेव्हा कुणी पोचलेलं नव्हतं. जावई म्हणाला, थोडं थांबा, माझी सुटी साठू दे. तू म्हणालीस, इतकी वर्षं थांबले, आणखी थोडं. मग इराकवाल्याने कुवेत घेतलं, कंपनीने सगळ्यांच्या सुट्या बंद केल्या, आणि ते थोडं लांबत गेलं. जायचे होते ते गेले. शेजारच्या किती क्वार्टरांना कुलपं लागली. आपण राहिलो. हे नोकरी सोडायला तयार नव्हते आणि तू मक्का बघितल्याशिवाय विमानात बसायला तयार नव्हतीस.

निळं पाणी तू मला शिकवलंस. तुला गावच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने शिकवलं होतं, आणि आपल्या दोघींनाही अक्षर येत नव्हतं त्यामुळे ते शिकणं सोपं गेलं, त्यात वाचायचं काही नव्हतंच. नळीत चमचाभर निळं पाणी घ्यायचं, त्यात सकाळच्या लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी गरम करायची. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, मग पिवळं, मग नारिंगी, आणि विटेसारखं लाल झालं तर अल्ला मालिक. स्वयंपाकाच्या गॅसवर असलं काही करायला मन होईना, म्हणून मी मागच्या अंगणात, कपड्यांच्या दोरीखाली, मेणबत्ती लावून बसायची. नळी कपड्याच्या चिमट्यात धरायची. मेणबत्तीची काजळी काचेवर बसते आणि रंग दिसेनासा होतो, म्हणून फडक्याने पुसत पुसत बघायचं. हे कारखान्यात पाइपांवरच्या मीटरचं काम करायचे. ड्यूटीवरून आले की माझ्याकडे बघून म्हणायचे, "मी पाइप न फोडता सांगतो आत काय चाललंय, आणि तू माणूस न फोडता सांगतेस. आपल्या दोघांचा पगार सारखा पाहिजे." तू आतून ओरडायचीस, "तिला सांगा थेंब नीट मोज म्हणून, काल दहा टाकले असतील, म्हणून पिवळं आलं." पिवळं यायचं ते खजुरामुळे, अम्मा. तुझ्या उशीच्या अभ्र्यात बिया सापडायच्या मला.

तुझे पाय तेव्हाच बधिर झाले होते. गालिच्याचा खिळा तळव्यात घेऊन तू दिवसभर घरात फिरलीस, आणि आम्हाला कळलं ते गालिच्यावरच्या डागांवरून. कंपनीच्या दवाखान्यात मिसरी, म्हणजे इजिप्तचा, डॉक्टर होता. त्याने तुला डोळे मिटायला लावले आणि पेनाच्या टोकाने तळव्याला टोचत विचारायला लागला, हे मध्ये उभे राहून तुला हिंदीत सांगत होते, यहाँ लगता है? तू म्हणालीस, हो. यहाँ? हो. मग त्याने पेन खिशात ठेवलं आणि नुसतं विचारलं, यहाँ? तू तरीही म्हणालीस, हो, लगता है. डॉक्टर हसला नाही. म्हणाला, ही साखर उतरल्याशिवाय या पायांनी अनवाणी फेरे नाहीत, मला विचाराल तर मक्का नाही. घरी येताना गाडीत तू म्हणालीस, "मिसरी लोकांना काही कळत नाही." आणि मी तुझ्या पायांकडे बघत होते, एका पायात चप्पल नव्हती, ती दवाखान्यातच राहिली होती आणि तुला पत्ता नव्हता.

मग लढाई सुरू झाली. त्याचं मी काय सांगू, तू होतीस. आतली एक खोली विषारी गॅसच्या भीतीने प्लॅस्टिक आणि टेपने बंद केलेली, दाराखाली ओला टॉवेल, कोपऱ्यात मास्कचे डबे. भोंगा वाजला की चौघं आत. संडास बाहेर राहायचा म्हणून पोरीसाठी, तुझ्या या नातीसाठी, झाकणाचा एक प्लॅस्टिकचा डबा ठेवलेला. सहा वर्षांची होती. आधी ती त्या डब्यावर बसायला लाजायची. पुढे पुढे एकसारखी बसायला लागली. भोंगा थांबला तरी तिला तोच डबा हवा, आणि सकाळी गादी ओली ती ओलीच. पाणी तर अशी प्यायची की मास्क तोंडावर ठेवेना, काढून फेकायची आणि म्हणायची, "वॉटर, मम्मी." तिच्या शाळेतली सगळी भाषा तशीच. मी म्हणायचे, भीतीने घसा सुकतो. उत्तरेकडून काळा धूर यायला लागला, तेलाच्या विहिरी पेटल्या होत्या, दोरीवरचे कपडे राखाडी व्हायचे, तेव्हा म्हटलं, धुराने सुकतो. शेजारी केरळची बाई होती, तिच्या मुलाचीही गादी ओली व्हायची. ती म्हणायची, "डर है, और क्या. लड़ाई खत्म, सब ठीक." सरहद्दीवर खफजीत लढाई झाली त्या दिवसांत तर आपल्या गल्लीतल्या कुठल्या घरात सकाळी गाद्या वाळत नव्हत्या? त्यामुळे कुणी कुणाकडे बघितलंच नाही. फ्रॉक तिच्या खांद्यावरून उतरायला लागला तेव्हा मी खांद्यांना दोन टाके घातले. नीट घातले. त्या टाक्यांचा मला अजून अभिमान आहे, सांग बरं.

लढाई संपली. भोंगे थांबले, मास्क पलंगाखाली गेले, प्लॅस्टिक मात्र खिडक्यांवर तसंच राहिलं, कुणाला काढायचा उत्साह नव्हता. कंपनीने यांना आठवड्याची सुटी दिली. ज्याच्या नावावर यांचा व्हिसा होता त्या कफीलचं पत्र आलं, त्याशिवाय एवढ्या लांब जाता येत नव्हतं, आणि बसची तिकिटं आली. तू ती तिकिटं उशाखाली घेऊन झोपायचीस, जिथे आधी बिया असायच्या तिथे. यांनी तुला समोर बसवून सांगितलं, "अम्मा, तीन सकाळी ओळीने निळं राहिलं तर आपण जाऊ. डॉक्टरला मी शब्द दिलाय. नाहीतर तिकिटं परत." तू म्हणालीस, "तीन कशाला, चार बघा." पहिल्या सकाळी तू खजूर सोडलेला, रात्रीची भाकरी सोडलेली, आणि तरी पाणी पिवळं झालं. तू म्हणालीस, "आजची धरायची नाही. आज मेणबत्ती वाकडी होती."

दुसऱ्या सकाळी तू माझ्या आधी उठून अंगणात होतीस. वाटी तयार, वर झाकण, तुझा चेहरा ईदच्या सकाळसारखा. "घे," म्हणालीस, "आज बघ." मी थेंब टाकते. नळी मेणबत्तीवर धरते. पाणी हिरवं होतं, आणि थांबत नाही. पिवळं होतं, नारिंगी होतं, मी फडक्याने काजळी पुसते आणि बघते तर तळाशी विटेचा गाळ बसलाय, दाट, इतका लाल की तुझाही कधी मी तसा पाहिला नव्हता. मी म्हटलं, "अम्मा, रात्री खजूर खाल्लास की खजुराचं झाड?"

तू हसली नाहीस. म्हणालीस, "पुन्हा कर."

"पुन्हा करून काय बदलणार आहे?"

"कर म्हणते ना."

मी नळी धुतली, पुन्हा निळं पाणी, पुन्हा आठ थेंब. तू माझ्याशेजारी उकिडवी बसलीस, गुडघे दुखत असताना. पुन्हा वीट. तू माझ्या हातातला चिमटा घेतलास आणि नळी उजेडाकडे धरलीस, तो कस्टमवाला धरत होता तशी. मग म्हणालीस, "हे माझं नाही."

"मग कुणाचं आहे?"

"पोरीच्या डब्यातलं. म्हटलं पोराचं पाणी, निळंच राहील."

इथे पेन थांबलंय, अम्मा. तुझी पणती माझ्याकडे बघतेय. म्हणतेय, "नानी, म्हणजे तिने अम्मीची लघवी चोरली?" मी म्हटलं, लिही. म्हणतेय, "अम्मीला माहितीये?" मी म्हटलं, तू लिही.

तर त्या सकाळी मला काय वाटलं ते मी तुला सांगणार होते, पण काही वाटलं नव्हतं. मी नळी धुवायला घेतली. स्वयंपाकघरातून नळाचा आवाज येत होता, पोरगी स्टुलावर चढून पाणी पीत होती, आणि तो आवाज मी किती दिवस ऐकत होते ते मला तेव्हा कळलं. मी तुला म्हटलं, "थांब, आधी तुझं बघू दे. कदाचित पाणीच खराब झालं असेल." खरंतर मला वेळ हवा होता. तू म्हणालीस, "माझं काय बघायचंय, माझं मला माहीत आहे. जावयाला उठव." हे रात्रपाळी करून नुकते झोपले होते. मी म्हटलं, "उठवते. पण त्यांना काय सांगू, तू काय केलंस ते?" तुला कळलं मी काय विचारतेय. सांगितलं तर पुढच्या सकाळी नव्हत्या, तिकिटं परत होती. तू उठायला लागलीस, जमिनीला हात टेकून, पाऊल कुठे पडतंय ते बघत बघत, आणि म्हणालीस, "तू बस. मी उठवते." आणि आत गेलीस. आतून तुझा आवाज आला, रोजचाच, चहाला बोलवावं तसा. "जावई, उठा. मी खोटेपणा केला, आणि पोरगी आजारी आहे."

पोरीला उचलून गाडीत घातलं तेव्हा तिच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-चार दिवस गेले असते तर झोपली असती आणि उठली नसती. साखर इतकी होती. या वयात होते, औषधाच्या गोळ्या चालत नाहीत, रोज सुई. मी मान हलवली. हे मान हलवत होते. डॉक्टरला वाटलं असेल, या लोकांना समजलं नाही. मक्केची सुटी त्या हॉस्पिटलच्या खुर्च्यांवर संपली. तुला तिथे रोज आणायला कुणी नव्हतं, तू घरी एकटी बसायचीस, त्या प्लॅस्टिक लावलेल्या खिडकीजवळ, आणि मी कपडे बदलायला आले की विचारायचीस, "आज काय रंग?" हॉस्पिटलात रंग नव्हता गं, तिथे बोट टोचून आकडा सांगायचे आणि पोरगी बोटं मुठीत लपवायची. घरी आल्यावर मी निम्म्या वेळा तिचं बोट वाचवायचे आणि निळ्या पाण्यावर काम भागवायचे. निळं पाणी आत्ताचं सांगत नाही, काही तासांपूर्वीचं सांगतं, हे मला नर्सने बजावलं होतं. पण ते टोचत नव्हतं.

मग तुझा व्हिसा संपला. यांनी ऑफिसात हातपाय मारले, कफीलच्या माणसाला दोनदा भेटले, तो म्हणाला, खलास. पुढच्या वर्षी पुन्हा आणू म्हणून यांनी तुला शब्द दिला, आणि तू तो घेतलास, देणाऱ्याला परत करायला वाईट वाटतं म्हणून घेतात तसा. निघताना तू मला बाजूला घेतलंस. उरलेली बाटली आणि ती नळी माझ्या हातात दिलीस. म्हणालीस, "पोरीला सांगू नकोस मी काय केलं. सांग, नानीने तुझ्या डोळ्यांत बघितलं आणि ओळखलं."

मी म्हटलं, "अम्मा, तुला तर तुझ्या पायातली चप्पल ओळखता येत नाही."

"म्हणून तर सांग. तेवढी तरी इज्जत राहू दे म्हातारीची."

मी सांगितलं. आजपर्यंत तेच सांगितलंय. लग्नात सांगितलं, बाळंतपणात सांगितलं, तिने तिच्या डॉक्टरांना सांगितलंय, माझ्या नानीने डोळ्यांत बघून ओळखलं. एकदा एक डॉक्टर म्हणाला, जुन्या लोकांना कळायचं. मी चहा गाळत होते, गाळत राहिले.

पुढच्या वर्षी तू आली नाहीस. पायाला काहीतरी लागलं, तुला कळलं नाही, गावी भावाला कळेपर्यंत पाय काळा झाला होता. निरोप यांच्या ऑफिसात आला. हे दुपारीच घरी आले, मागच्या अंगणात आले, बूटसुद्धा काढले नव्हते. माझ्या हातात चिमटा होता, मेणबत्तीवर नळी, पोरीचं पाणी. यांनी सांगितलं, "अम्मा गेली." मी काजळी पुसली, नळी उजेडात धरली आणि म्हटलं, "हिरवं." हे म्हणाले, "काय?" मी म्हटलं, "हिरवं आहे, बरं आहे." तिकडे असरच्या नमाजाआधी तुला मातीही दिली असेल. मी नळी धुवून मोज्यात ठेवली आणि भात लावला. लोक येऊन बसले, बायका रडल्या, केरळची बाई माझ्यापेक्षा जास्त रडली. मी त्यांना पाणी देत होते.

नंतर केव्हातरी हे म्हणाले, अम्माच्या नावाने उमरा करून येऊ. मौलवींना विचारलं, ते म्हणाले, होतो. आधी मी माझा केला, मग तुझा. बसने जायला जवळजवळ दिवस-रात्र लागली. पोरगी यांच्या मांडीवर, यांच्या खिशात तिच्यासाठी ज्यूसचा डबा, साखर उतरली तर. मी तुझी ती एकटी चप्पल बरोबर घेतली होती, जिची जोडी मिसरी डॉक्टरकडे राहिली म्हणून तू परत जाताना घरातच टाकून गेलेलीस. कशाला घेतली ते मला माहीत नाही. पिशवीत होती. तिथे पोचल्यावर सगळे रडत होते. लोक म्हणतात पहिल्यांदा ते अल्लाचं घर दिसलं की डोळे आपोआप वाहतात. माझे नाही वाहिले. दुआ पाठ केल्या होत्या, यांनी बसमध्ये म्हणून घेतल्या होत्या, त्यातली एकही येईना. त्या घराभोवती तुझ्या नावाचा पहिला फेरा सुरू केला आणि तोंडात आलं, एक. थेंब मोजतात तसं. तसेच फेरे घातले, एक, दोन, तीन, बोटं अंगठ्याला लावत, संगमरवर पायांना गार लागत होता, आणि प्रत्येक पावलाला मी मनात म्हणत होते, हे तुला लागलं नसतं, हेही लागलं नसतं. सात झाले, तेवढेच घालायचे असतात. हे पोरीला घेऊन बाजूला सरले, मला हात केला. मी थांबले नाही. गर्दीबरोबर पुन्हा गेले, एक पूर्ण फेरा, आणि परत आले तेव्हा हे वाट बघत उभे. म्हणाले, "आठ घातलेस तू." मी म्हटलं, "मोजण्यात चुकले. हात आठावर बसलाय." हे हसले. पोरीलाही ते फार आवडलं, अजून ती लोकांना सांगते, माझ्या मम्मीला तिथेसुद्धा निळं पाणी आठवलं, आठ फेरे घातले तिने.

हिच्या मुलीने आत्ता विचारलं, हे पत्र ठेवायचं कुठे. मी म्हटलं, नळीच्या मोज्यात घाल, बसेल. म्हणाली, "अम्मीला सापडलं तर?" सापडू दे. जुबैलच्या इंग्रजी शाळेत शिकलेली ती, तिला मराठीची दोन अक्षरं जोडताना घाम फुटतो. मला येत नाही, तिला येत नाही, तुला तर तेव्हाही येत नव्हतं. ज्यांची गोष्ट आहे त्या तिघींपासून हे पत्र सुरक्षित आहे. फक्त या लिहिणारीने तोंड बंद ठेवलं पाहिजे, आणि ती तुझ्यावर गेलीय, त्यामुळे मला काही खात्री नाही.

एकच राहिलं. मोजण्यात माझी कधी चूक झाली नाही, अम्मा. सात फेरे तुझ्या नावाचे झाले, ते मला कळलं होतं. आठव्यात मी काही मोजलं नाही, काही मागितलं नाही, पिशवीतून तुझी चप्पल काढून छातीशी धरली आणि पाऊल जपून टाकत, तू जेवढी हळू चालायचीस तेवढी हळू, तुझ्या बाजूने चालत गेले.